पित्ताच्या गोळीचा रतीब

रात्री साडेनऊच्या सुमाराला पुण्यात, ठाण्यात किंवा लातुरात एखाद्या औषधाच्या दुकानासमोर पाच मिनिटं थांबलं तरी हे दिसतं. हेल्मेट न काढताच एकजण म्हणतो, ‘चार पॅन-डी द्या.’ दुकानदार चिठ्ठी विचारत नाही. कात्रीने पट्टीचा तुकडा कापून काउंटरवर सरकवतो, पैसे घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हे औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावं, अशी इंग्रजी सूचना पट्टीवर छापलेली असते. चार कॅप्सूल कापताना ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे होते. बऱ्याचदा मुदतीची तारीखही दुकानात उरलेल्या तुकड्यावरच राहते.

या व्यवहाराचं आता उघड समर्थन होऊ लागलं आहे, आणि ते करणारे अडाणी नाहीत. चांगली शिकलीसवरलेली, परदेशी जाऊन आलेली माणसं सांगतात की पित्ताची अशी गोळी अमेरिकेत डॉक्टरशिवाय मिळते, मग आपल्याकडेच तिचा बाऊ कशाला? दहा वर्षं रोज घेतोय, काही झालं नाही. बंद केली की छातीत आग होते, म्हणजे शरीराला ती हवीच आहे. आणि डॉक्टरकडे गेलं तरी तो पाचशे रुपये घेऊन हेच लिहून देणार. यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही. म्हणूनच ती पटतात, आणि म्हणूनच त्यांचा नीट समाचार घ्यायला हवा.

अमेरिकेपासूनच सुरुवात करू. ‘पॅन’च्याच जातीचं ओमेप्रॅझोल हे औषध तिथे २००३ साली चिठ्ठीविना मिळू लागलं हे खरं. पण खोक्यावर काय छापलेलं असतं? गोळी २० मिलिग्रॅमची. आठवड्यातून दोन किंवा त्याहून जास्त दिवस छातीत जळजळ होत असेल, अशाच प्रौढांसाठी. दिवसातून एक, सलग १४ दिवस. त्यानंतर बंद. पुन्हा असा चौदा दिवसांचा कोर्स करायचा तर मध्ये चार महिने जायला हवेत, आणि त्याआधीच गरज पडली तर डॉक्टरला गाठायचं. गिळताना त्रास होत असेल, उलटीत रक्त येत असेल, शौचाला काळं होत असेल तर गोळी घ्यायचीच नाही. तिथल्या मोठ्या दुकानांत ४२ गोळ्यांचं खोकं मिळतं आणि त्यावर ‘चौदा दिवसांचे तीन कोर्स’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. चार-चार महिन्यांच्या अंतराचा हिशेब केला तर ते एका माणसाचं वर्षभराचं औषध झालं. न्यू जर्सीहून मुलगा तेच खोकं आईवडिलांसाठी आणतो आणि कोथरूडमध्ये ते सहा आठवड्यांत संपतं. गोळी अमेरिकेची घेतली, तिच्याबरोबर आलेला नियम मात्र खोक्यासकट कचऱ्यात गेला.

पॅन-डीतल्या ‘पॅन’ची, म्हणजे पॅन्टोप्रॅझोलची गोष्ट आणखी बोलकी आहे. युरोपीय संघाने २००९ साली ते चिठ्ठीविना विकायला परवानगी दिली, पण २० मिलिग्रॅमच्या गोळीला. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जायचं, आणि काही झालं तरी डॉक्टरला न विचारता चार आठवड्यांच्या पुढे न्यायचं नाही, ही त्यातली अट. आपल्याकडे दुकानातून सहज उचलली जाणारी गोळी ४० मिलिग्रॅमची असते. म्हणजे मात्रा दुप्पट आणि मुदत अमर्याद. ‘तिकडे मिळते’ हा दाखला द्यायचाच असेल तर तो पूर्ण द्यावा.

हे झालं ‘पॅन’चं. त्यापुढच्या ‘डी’बद्दल तर कोणी बोलतच नाही. तो डी म्हणजे डॉमपेरिडॉन, मळमळ-उलटीवरचं आणि जठर लवकर रिकामं करणारं औषध. हे औषध हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय बिघडवू शकतं, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसांत आणि जास्त मात्रेत. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली त्याला कडक लगाम घातला. फक्त मळमळ आणि उलटीसाठी, दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, आणि शक्यतो एका आठवड्याच्या आत बंद. छातीतली जळजळ आणि पोटफुगी यांसाठी ते वापरायची मुभा काढूनच घेतली. अमेरिकेत तर हे औषध माणसांसाठी कधी मंजूरच झालेलं नाही. आपल्याकडच्या पॅन-डीच्या एका कॅप्सूलमध्ये हळूहळू विरघळणारं ३० मिलिग्रॅम डॉमपेरिडॉन असतं. युरोपात जी दिवसाची कमाल मर्यादा, आणि तीही आठवडाभरापुरती, ती मात्रा इथे सत्तरीचे आजोबा वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतात, आणि तेही ज्या तक्रारीसाठी तिथे ते बाद ठरलं त्याच तक्रारीसाठी. शेजारीच त्यांची हृदयविकाराची गोळी ठेवलेली असते. एखाद्या बाईची पाळी मागेपुढे होऊ लागते, मूल पाजत नसतानाही छातीतून दूध येतं, तेव्हा तपासण्यांची रांग लागते. पित्ताच्या कॅप्सूलकडे बोट जायला फार उशीर होतो. डॉमपेरिडॉनचा हा परिणाम पाठ्यपुस्तकातला आहे. साध्या जळजळीला डी लागतच नाही, आणि तरीही दुकानात ‘पॅन’ मागितलं तर ‘पॅन-डी देऊ का?’ असं विचारलं जातं.

ही औषधं वाईट आहेत, असं मात्र मुळीच नाही. १९७० च्या दशकापर्यंत जठरातल्या व्रणासाठी माणसांचं पोट कापलं जात असे. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडीन आलं, त्यामागचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना पुढे नोबेल मिळालं. १९८१ मध्ये रॅनिटिडीन आलं, १९८८ मध्ये स्वीडनमधून ओमेप्रॅझोल. व्रणासाठी होणाऱ्या शस्त्रक्रिया बघता बघता कमी झाल्या. जठराच्या आतल्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे अतिसूक्ष्म पंप असतात. ओमेप्रॅझोल-पॅन्टोप्रॅझोलच्या जातीचं औषध रक्तातून तिथे पोचतं आणि चालू असलेल्या पंपाला कायमचं चिकटून तो बंद पाडतं. नवे पंप तयार होईपर्यंत आम्ल कमी राहतं. औषध स्वतः रक्तात एक-दोन तासच टिकतं आणि पंप जेवणाच्या वेळी चालू होतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, चावायची नसते आणि पहिल्याच दिवशी पूर्ण गुण येईल अशी अपेक्षाही ठेवायची नसते. रात्री मिसळ-पाव चापून, छातीत आग पडल्यावर, आडवं होताना घेतलेली गोळी त्या आगीवर जवळपास काहीच करत नाही. दोन तासांनी बरं वाटतं ते बहुतेकदा आपोआप. त्या क्षणाच्या जळजळीला जेलुसिलसारखं पातळ औषध जास्त उपयोगी, कारण ते जठरात असलेलं आम्ल तिथल्या तिथे मारतं.

आता सर्वात बिनतोड वाटणारा मुद्दा. बंद केली की जळजळतं, म्हणून ती हवीच. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये याचीच परीक्षा घेतली. त्यांनी १२० निरोगी माणसं निवडली, ज्यांना पित्ताचा काहीच त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीचं एसोमेप्रॅझोल आणि मग चार आठवडे खोटी गोळी दिली, उरलेल्यांना पूर्ण बारा आठवडे खोटीच. कोणाला काय मिळतंय हे कोणालाच माहीत नव्हतं. खरं औषध बंद झाल्यानंतरच्या चार आठवड्यांत त्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर, अपचन असला त्रास झाला. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. ज्यांना आजारच नव्हता त्यांना औषध थांबवल्याने आजाराची लक्षणं आली! कारण सोपं आहे. आम्ल दाबून ठेवलं की शरीर ते वाढवण्यासाठी गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, आणि औषधाचा लगाम सुटताच जठर काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल करतं.

अचानक बंद केल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारी आग हा जुन्या आजाराचा पुरावा नसून बऱ्याचदा औषधाचाच मागे राहिलेला परिणाम असतो. पण घाबरून माणूस पुन्हा दुकानात जातो आणि दोन आठवड्यांसाठी सुरू झालेली गोळी निवृत्तीपर्यंत सोबत करते. डॉक्टरच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करत, मग एक दिवसाआड घेत, मधल्या दिवशी वाटलं तर फॅमोटिडीन किंवा साधं अँटासिड वापरत ती सोडवता येते. त्या तीन-चार आठवड्यांत थोडं जळजळणार, हे आधी सांगून ठेवलेलं असलं तर माणसं धीर धरतात.

गोळी सुरू कशी होते, याकडेही पाहायला हवं. फार मोठ्या संख्येने ती जळजळीसाठी सुरूच झालेली नसते. दात काढला, घसा धरला, पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळालं, आणि ‘गोळ्या जड आहेत’ म्हणून सोबत एक पॅन. अँटिबायोटिकने होणारी मळमळ किंवा जुलाब आम्ल कमी करून थांबत नाहीत. उलट जठरातलं आम्ल हे पोटात जाणाऱ्या जंतूंना अडवणारं पहिलं दार आहे. आम्ल दाबणाऱ्या या गोळ्या घेणाऱ्यांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा हट्टी जुलाब जास्त दिसतो, असा इशारा अमेरिकी नियामकाने २०१२ मध्येच दिला. वेदनाशामकांची गोष्ट वेगळी. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक घेणारी पासष्टीची बाई, पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेला माणूस, ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेणारा हृदयरुग्ण, यांना जठराचं संरक्षण द्यायलाच हवं. न देणं हा हलगर्जीपणा ठरेल. पण पंचविशीच्या मुलाला पाठीत उसण भरली म्हणून तीन दिवसांच्या ब्रुफेनबरोबर पॅन-डी कशासाठी?

या टोकाच्या निष्काळजीपणाला उत्तर म्हणून आता दुसरं टोक तयार झालं आहे, आणि तेही तितकंच घातक आहे. पित्ताची गोळी किडनी सडवते, हाडं पोकळ करते, स्मृतिभ्रंश आणते, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात आणि त्याखाली कुठल्यातरी चूर्णाची जाहिरात असते. अशा बहुतेक दाव्यांमागे निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास आहेत. जे लोक ही गोळी वर्षानुवर्षं घेतात ते मुळातच जास्त वयाचे, जास्त आजारी, जास्त औषधं घेणारे असतात. त्यांना पुढे आणखी काही झालं तर ते गोळीनेच झालं असं म्हणता येत नाही. याची सर्वात कडक कसोटी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदय आणि रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १७,५९८ लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना पॅन्टोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम आणि निम्म्यांना खोटी गोळी सुमारे तीन वर्षं दिली गेली. फ्रॅक्चर, न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, स्मृतिभ्रंश, कशातही लक्षणीय फरक पडला नाही. फक्त आतड्याचे संसर्ग थोडे वाढले: १.० टक्क्याच्या जागी १.४ टक्के. ज्याच्या अन्ननलिकेला खोल जखमा झाल्यात, ज्याच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलायला लागलंय, त्याने असा संदेश वाचून गोळी फेकून दिली तर नुकसान त्याचंच.

मग रोज घ्यायला हरकत काय? हरकत ही की तीन वर्षांचा अभ्यास म्हणजे पंधरा वर्षांची हमी नव्हे, आणि तो देखरेखीखाली झाला होता. क्वचित होणाऱ्या गोष्टी क्वचित म्हणून खोट्या ठरत नाहीत. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका दुर्मीळ आहे, पण खरा आहे. भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये त्याचा उल्लेख माहितीपत्रकात करायला उत्पादकांना भाग पाडायचा निर्णय घेतला. ते माहितीपत्रक चार कॅप्सूलच्या तुकड्याबरोबर कोणाला मिळतं? रक्तातलं मॅग्नेशियम घसरतं तेही बहुधा वर्षाच्या पुढे सतत घेतल्यावर.

आणि महाराष्ट्रासाठी सर्वात जवळचा प्रश्न बी-१२ चा. अन्नातलं बी-१२ प्रथिनांपासून सुटं व्हायला आम्ल लागतं. कॅलिफोर्नियातल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये दिसलं की दोन किंवा जास्त वर्षं या गोळ्या घेणाऱ्यांत बी-१२ कमी असण्याची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी जास्त होती. हाही निरीक्षणाचाच अभ्यास, वरचा सावधपणा त्यालाही लागू. पण ती माणसं मांस-अंडी खाणाऱ्या देशातली होती. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं दाखवत आले आहेत की इथल्या लोकांत, गरोदर बायकांतसुद्धा, बी-१२ ची कमतरता सर्रास आहे. शाकाहारी घर, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, जे स्वतःच बी-१२ कमी करतं, आणि वर रोज सकाळी पॅन. पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि घरातले म्हणतात, वय झालं.

तरीही गोळीच्या दुष्परिणामांपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. ती झाकते. ‘मला पित्ताचा त्रास आहे’ हे निदान माणसाने स्वतःच केलेलं असतं आणि मग छातीत, पोटाच्या वरच्या भागात जे काही होईल ते त्याच खात्यावर जमा होतं. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला की दुखणं पोटाच्या वर जाणवतं, मळमळतं, घाम फुटतो, ढेकर दिल्यासारखं वाटतं. रात्रभर इनो आणि पॅन-डीवर काढून पहाटे दवाखान्यात पोचलेला रुग्ण हा आपल्याकडच्या प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाने पाहिलेला आहे. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत सुमारे ५९ व्या, असं ५० हून जास्त देशांतल्या अभ्यासातून २००७ मध्ये मांडलं गेलं. झटक्यात पहिल्या तासांची किंमत काय असते हे सांगायला नको. चालताना किंवा जिना चढताना येणारी आणि थांबल्यावर ओसरणारी ‘ॲसिडिटी’, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, यात गोळी घेऊन वाट पाहायची नसते, ईसीजी काढायचा असतो.

झाकण्याचा दुसरा प्रकार सावकाश चालतो. जठरातल्या बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामकं असतात, हे आता पक्कं ठाऊक आहे. हा जंतू ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला, मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः तो पिऊन दाखवला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. योग्य अँटिबायोटिकांचा साधारण दोन आठवड्यांचा कोर्स घेतला की असा व्रण कायमचा बरा होऊ शकतो. तोच माणूस नुसती पॅन घेत राहिला तर व्रण शांत होतो, उसळतो, पुन्हा शांत होतो, आणि जंतू तिथेच राहतो. शिवाय गोळी चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली तर जंतू असूनही ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. म्हणून तपासणीआधी दोन आठवडे ती बंद ठेवतात. अन्ननलिकेच्या कर्करोगाचं तर सांगायलाच नको. भारतात तो जास्त करून तंबाखूशी जोडलेला आहे. दातांना मिश्री लावणारी गावाकडची बाई घास अडकतो म्हणते, तिला पित्ताची पट्टी आणून दिली जाते आणि भाकरीवरून ती पेजेवर येते तेव्हा कोणीतरी दुर्बिणीची तपासणी सुचवतं. घास अडकणं, न ठरवता वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, हिमोग्लोबिन घसरणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काहीही असेल तर दुकानाची पायरी चढायचीच नाही.

उरला पैशांचा आणि वेळेचा मुद्दा, आणि तो सर्वात प्रामाणिक आहे. चाकणच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार डॉक्टरकडे गेला तर अर्ध्या दिवसाची मजुरी आणि वर फी. पट्टीच्या तुकड्याचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत. त्याला ‘आधी तज्ज्ञाला दाखव’ असं सांगणं सोपं आणि निरुपयोगी आहे. त्याच्यासाठी चिठ्ठीशिवाय काही मिळायला हवं, हे मान्यच केलं पाहिजे. पण मग ते जाणीवपूर्वक द्यावं: २० मिलिग्रॅमची, डी नसलेली, चौदाच गोळ्यांची न कापता येणारी बंद पाकिटं, आणि त्यावर ठळक मराठीत जेवणाआधी अर्धा तास, चौदा दिवस, मग थांबा, आणि कुठल्या लक्षणांत घेऊ नका. काउंटरमागे कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्ट असायला हवा. त्याने विचारायचे प्रश्न तीनच: किती दिवसांपासून त्रास आहे, घास अडकतो का, शौच काळी होते का. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या कामगाराला गोळीइतकाच उपयोग होईल असं बरंच काही त्याच अर्ध्या मिनिटात सांगता येतं. रात्रपाळीहून आल्यावर जेवून लगेच आडवं होऊ नये, खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा घालून ती वीतभर उंच करावी, डाव्या कुशीवर झोपावं, तंबाखू सोडावी. पोट सुटलेलं असेल तर वजन उतरवण्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात २००६ मध्ये दिसलं की लठ्ठ नसलेल्या बाईचंसुद्धा वजन वाढलं की जळजळ वाढते आणि उतरलं की कमी होते.

डी असलेल्या कॅप्सूल मात्र चिठ्ठीशिवाय विकणं बंद व्हायला हवं. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला त्यासाठी नवा कायदा नको, पट्टीवर छापलेलाच पुरेसा आहे. आणि डॉक्टरांनाही यातून अंग काढता येणार नाही. मोठ्या रुग्णालयातून घरी जाताना हातात पडणाऱ्या कागदावर पॅन ४० लिहिलेलं असतं, किती दिवस हा रकाना कोरा असतो, आणि रुग्ण तोच कागद दाखवून पुढची पाच वर्षं गोळी आणत राहतो. त्या रकान्यात बंद करायची तारीख लिहायला हवी. आयुष्यभर घ्यायची असेल तर तसं, आणि कशासाठी तेही.